लहान तोंडाच्या माशासाठी

माझा भाऊ अमेरिकेतून कायमचा परत आला तेव्हा त्याच्याजवळ दोन बॅगा होत्या. एकीत कपडे होते आणि दुसरीत पिसं. नांदुऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर मला हे माहीत नव्हतं. तिथे मला फक्त त्याचा उजवा हात दिसला. डब्याच्या दारातल्या दांड्याला त्याने मनगट अडकवलं होतं, कारण बोटांनी धरता येत नव्हतं. मी हात पुढे केला तर म्हणाला, "ताई, मले नको धरू. ती बॅग आधी घे. आपटू नको तिले."

बॅग अगदी हलकी होती. मला वाटलं, रिकामीच आणली.

मी प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. सगळी नोकरी धाड गावाच्या बाजूच्या खेड्यांत गेली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर नांदुऱ्यात दोन खोल्या बांधल्या, त्या रेल्वे जवळ आहे म्हणून. भाऊ कधीतरी येईल, त्याला जीपमध्ये कोंबून पुढे न्यायला नको, असा विचार होता. तो माझ्याहून पुष्कळ लहान. त्याला पहिलं अक्षर मी गिरवायला लावलं. पुढे तो इंजिनियर झाला, अमेरिकेला गेला, तिथे लग्न केलं, ते मोडलं. एक मुलगी, ती आईजवळ वाढली आणि आता कॉलेजात होती. आई-बाबा गेले तेव्हा तो येऊन गेला होता. त्यानंतर फोनवरच.

रोगाचं नाव लांबलचक आहे. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. त्याचे आधी हात गेले. मग पाय जाणार होते, मग जीभ, मग श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. औषध नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तिकडचे कागद पाहिले आणि मला बाजूला बोलावून तेच सांगितलं. बाजूला बोलावायची काही गरज नव्हती. त्याला माझ्याआधीपासून माहीत होतं, म्हणून तर तो आला होता.

आल्यावर चार-पाच दिवस तो झोपूनच होता. मग एका दुपारी म्हणाला, "ती बॅग उघड."

आत कागदाच्या आणि प्लास्टिकच्या लहान लहान पाकिटांत पिसं होती. तपकिरी, काळी, पांढरी, हिरवट. सशाच्या कातड्याच्या पट्ट्या होत्या, हरणाच्या केसांचे झुपके, रबराचे बारीक पाय, शिशाच्या मण्यांचे डोळे. दोऱ्याच्या नळ्या. टेबलाला आवळायचा एक लहानसा शिकंजा, सोनाराकडे असतो तसा. गळाच्या आकड्यांच्या डब्या. आणि एक चपटी पेटी, उघडली की दोन्ही बाजूंना मऊ फोम, त्यात चिरा पाडलेल्या. ती पूर्ण रिकामी होती.

"हे काय हाये सगळं?"

"माशा बांधायचं सामान."

मला आधी घरातली माशीच डोळ्यांपुढे आली. मग त्याने समजावलं. पिसं आणि केस आकड्यावर दोऱ्याने असे बांधायचे की पाण्यात ते किड्यासारखं, बेडकासारखं, बारीक मासोळीसारखं दिसावं. मासा फसतो आणि तोंड घालतो. त्याला तिकडे माशीच म्हणतात, मग ती बेडकासारखी का असेना. तो राहायचा त्या गावाजवळून एक नदी जात होती. थंड, स्वच्छ, खडकाळ. तिच्यात बास नावाचा मासा, त्यातही लहान तोंडाचा. काशाच्या रंगाचा, अंगावर उभे पट्टे, डोळे लाल. वीतभर असला तरी हात ओढून नेईल असा तापट. सुट्टीच्या दिवशी मुलीला होडीत समोर बसवून तो सकाळपासून त्या नदीवर असायचा.

"मारून खायचा?" मी विचारलं.

"नाई. धरायचा आन् सोडून द्यायचा."

"मग धरायचा कायले?"

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. "तिकडं कोनी असं विचारलं नाई," म्हणाला. "तू पंचशील सांगशीन मले आता."

आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ बुद्धवंदना होते, प्राणिमात्राला इजा करू नये हे आम्ही लहानपणापासून म्हणतो, आणि रविवारी कोंबडीही शिजते. आम्ही इतर माणसांसारखीच माणसं.

त्याने स्वतःच्या माशा, काठ्या, होडी, सगळं तिकडे देऊन टाकलं होतं. सामान आणि ही रिकामी पेटी तेवढी ठेवली. पेटी मुलीसाठी भरायची होती. बर्फ वितळल्यापासून पुन्हा बर्फ पडेपर्यंत त्या नदीवर केव्हा काय लागेल ते सगळं तिच्यात असेल, ओळीने लावलेलं. त्याला वाटलं होतं, डाव्या हाताने जमेल.

जमलं नाही. मी शिकंजा टेबलाला आवळून दिला, आकडा त्यात धरून दिला. त्याने डाव्या हातात दोऱ्याची नळी घेतली आणि एक वेढा दिला. दुसऱ्या वेढ्याला नळी निसटली आणि टेबलाखाली गेली. मी उचलून दिली. पुन्हा निसटली. असं बऱ्याच वेळा झालं. मी म्हटलं, "राहू दे भाऊ, उद्या पाहू." तो म्हणाला, "उद्या याच्याहून कमी जमन." मग खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, "तू बांध."

"मले सुईत दोरा ओवता येत नाई. शाळेत शिवणाचा तास मी दुसऱ्या बाईले देत होती."

"मी सांगतो तसं कर. बाकी काय काम हाये तुले?"

खरंच काही नव्हतं.

तो शिकवायला कडक होता. मी लहानपणी त्याला शिकवताना कडक होते म्हणतात, मला तसं आठवत नाही. दोरा फार सैल, दोरा फार घट्ट, तुटला. पीस उलटं धरलं. आकड्याच्या नेढ्याजवळ जागा ठेवली नाही, आता गाठ कुठे मारणार? पहिली माशी पूर्ण झाली ती विहिरीत पडून मेलेल्या चिमणीसारखी दिसत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काप."

"कशाले? राहू दे ना पयली म्हणून."

"आकडा वाया जाते. ब्लेड घे, काप."

तो हिवाळा मी तो एक शब्द ऐकत काढला. सकाळी त्याला उठवायचं, तोंड धुवायचं, चहा चमच्याने पाजायचा, अंग पुसायचं. मग जेवण. मग दुपारी खिडकीजवळच्या टेबलाशी आम्ही दोघं. मी बांधायची, तो पाहायचा, आणि शेवटी म्हणायचा, काप. माझी बोटं दोऱ्याने चिरली. आकडा नखाखाली गेला तेव्हा त्यानेच सांगितलं कसा काढायचा, आणि बाहेर आल्यावर विचारलं, "आकडा वाकला तर नाई?"

बांधण्याहून निवडणं अवघड होतं. पाकिटातलं एकेक पीस मी खिडकीच्या उजेडात धरायची आणि तो ठरवायचा. बर्फ वितळल्यावर पाणी थंड असतं, मासा सुस्त, खोल दगडांत बसलेला. त्याच्यासाठी जड, तपकिरी, हळू सरकणारी माशी हवी. ती तिकडच्या झिंग्यासारखी. हा झिंगा आपल्याकडच्यापेक्षा मोठा, पुढे दोन नांग्या असलेला, दगडाखाली राहणारा. बासचं मुख्य खाणं तेच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की संध्याकाळी मासा वर पाहतो, तेव्हा हरणाच्या केसांचा तरंगणारा बेडूक. पानं पिवळी पडायला लागली की बारीक मासोळ्यांचे थवे खाली जातात, तेव्हा पांढरी आणि पोपटी, लांब, सडपातळ. पाऊस होऊन नदी गढूळ झाली तर काळी.

"गढूळ पाण्यात काळी कशी दिसन?" मी विचारलं. "पांढरी घ्यावी."

"मासा खाली असते, ताई. उजेड वरून येते. खालून पाहणाऱ्याले काळी सावली दिसते. पांढरी त्या पाण्यात मिसळून जाते."

एवढं सांगताना त्याला दोनदा थांबावं लागलं. जिभेवर परिणाम सुरू झाला होता. मी शब्द पुरे करायला गेले की तो मान हलवायचा. त्याला स्वतःच बोलायचं असे.

त्याने आणलेली कोंबड्याची पिसं संपली. दुकानातल्या पांढऱ्या कोंबड्यांची चालत नाहीत, ती फार मऊ आणि बोथट. गावरान कोंबड्याच्या मानेची हवीत, चकचकीत आणि ताठ. बाजाराच्या दिवशी मी कोंबडं कापणाऱ्याला सांगून ठेवलं. तो मानेची कातडी पिसांसकट वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्यासाठी बाजूला ठेवू लागला. मी ती मीठ लावून गच्चीवर उन्हात वाळवायची. शेजारच्या बाईने एक-दोनदा पाहिलं आणि शेवटी विचारलंच, "मॅडम, राग नका धरू. पण हे करणी-बिरणी तर नाई ना? भावासाठी?"

मी सांगितलं, अमेरिकेतल्या माशासाठी आहे. त्यावर तिने पुढे काही विचारलं नाही. पण भाजीची वाटी देणं तिने काही दिवस बंद केलं.

थंडी संपता संपता तपकिरी झिंगे बरे जमायला लागले. तो "काप" म्हणेनासा झाला. चांगलं असंही म्हणायचा नाही, नुसतं "ठेव" म्हणायचा. पेटीची एक बाजू भरली. मग त्याला वाटलं, एकदा पाण्यात पाहावं. जड डोळे आकड्याच्या पाठीवर नीट बसले असले की माशी पाण्यात उलटी होते, टोक वर येतं, म्हणजे तळाच्या दगडांत अडकत नाही. हे टेबलावर कळत नाही.

मी एक व्हॅन ठरवली आणि आम्ही मोताळ्याकडे नळगंगेच्या धरणावर गेलो. ड्रायव्हरने आणि मी त्याला दोन्हीकडून धरून पाण्याजवळ नेलं, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. काठावर जाळं दुरुस्त करत बसलेला एक मासेमार आमच्याकडे पाहत होता. पाणी त्या दिवसांत काठाशी स्वच्छ होतं, तळाचे खडे दिसत होते. मी एका काठीला दोरा बांधला, दोऱ्याला माशी, आणि साडी वर खोचून घोट्याएवढ्या पाण्यात काठाकाठाने चालत ती ओढत नेली.

"दिसते का?" मी विचारलं.

तो वाकून पाहत होता. "आडवी पडून राह्यली."

मी दुसरी लावली. तीही आडवी पडली आणि ओढली की गरगर फिरत होती. तिसरी, चौथी. मी डोळे बांधताना दोरा नेहमी एकाच बाजूने ओढत होते, त्यामुळे प्रत्येक जोडी थोडी डावीकडे सरकली होती. टेबलावर ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. हिवाळाभर केलेले सगळे झिंगे मी एकेक करून पाण्यातून ओढले. सगळे आडवे.

मासेमार उठून आला. "बाई, इथं असं काई लागत नाई," तो म्हणाला. "कटला हाये, रोहू हाये. जाळ्यानं निघते. ह्या पिसाले कोन तोंड लावन?"

"मासे नाई धरून राह्यलो दादा," भाऊ म्हणाला. त्याचं बोलणं मासेमाराला समजलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि पुन्हा जाळ्याकडे गेला.

घर आल्यावर भावाला खुर्चीत बसवलं तेव्हा तो म्हणाला, "काप सगळ्या."

त्याच दिवसांत मुलीचा फोन आला. ती महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी सकाळी व्हिडिओवर यायची. तिला मराठी थोडंसंच येतं, मला इंग्रजी शाळेपुरतं, पण मुलगी गोड होती. मला आत्या म्हणायची. मी फोन स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला आणि भावाच्या मागे उभी राहिले. त्याने विचारलं, नदीचं पाणी यंदा कसं आहे. तिला कळलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदाही कळलं नाही तेव्हा मी माझ्या इंग्रजीत सांगितलं.

ती म्हणाली, मी तिकडे आता जातच नाही बाबा, माझ्या शहरापासून ते फार लांब आहे. मग म्हणाली, तुम्ही पाठवायच्या म्हणता त्या माशांचं मला सांगायचं होतं. इतके कष्ट माझ्यासाठी नका घेऊ. मला ते तेव्हाही फारसं आवडायचं नाही. तुम्ही न्यायचात, तुम्हाला बरं वाटायचं, म्हणून मी यायची.

तिने हे अगदी हळू सांगितलं, वाईट वाटू नये अशा आवाजात. तिच्याकडे तेव्हा संध्याकाळ होती आणि मागे कोणीतरी भांडी लावत होतं. भाऊ म्हणाला, "ओके बेटा." ते तिला समजलं. मग तिने अभ्यासाचं काही सांगितलं आणि फोन ठेवला.

मी भात लावला. त्याला भरवला. त्याला आता पातळच लागायचं, घट्ट गिळवत नव्हतं. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "दुपारी हिरवी घेऊ. लांब शेपटीची."

"भाऊ, पोरीनं काय सांगितलं ते ऐकलं ना?"

"ऐकलं. हात गेले माहे. कान हायेत."

"मग कोणासाठी बांधायच्या?"

शब्द एकेक करून येत होते. "नाई बांधल्या," तो म्हणाला, "तर दिवसभर काय करू, ते सांग."

मी शिकंजा आवळला आणि हिरवं पाकीट काढलं.

उन्हाळा लागला तसा आवाज गेला. आधी फक्त मला कळायचं, मग मलाही कळेनासं झालं. आम्ही एक पद्धत बसवली. हो असेल तर डोळे मिटायचे, नको असेल तर दाराकडे पाहायचं. मी दोन हातांत दोन पिसं धरायची. हे? तो दाराकडे पाहायचा. हे? पुन्हा दाराकडे. सगळं पाकीट संपायचं तरी तो दाराकडेच पाहत असायचा, आणि मला कळायचं नाही की पीस नको आहे, की हा आकडा नको आहे, की आज काहीच नको आहे. कधी मी चिडायची. "मग काय पाहिजे ते तरी सांग," असं तोंडून निघून जायचं, आणि त्याला सांगता येत नाही हे बोलून झाल्यावर आठवायचं. तो माझ्याकडे पाहत राहायचा. त्याचा चेहरा आता हलत नव्हता, त्यामुळे रागावला की काय ते समजायचं नाही.

कुलरच्या पाण्याचा वास, बाहेर फुफाटा, आणि आत मी आकड्यावर बेडूक बांधत बसलेली. हरणाचे केस आकड्याभोवती दाबून बांधले की ते फुलून उभे राहतात. मग ब्लेडने त्यांना बेडकाचा आकार द्यायचा. केस घामाने हाताला चिकटायचे. खूप कापले तर पोट वाढल्यासारखं एका बाजूला कलायचं. पण ते जमू लागलं. झिंग्यांचे डोळेही सरळ बसू लागले. मी बादलीत पाणी घेऊन त्याच्या खुर्चीपुढे ठेवायची आणि माशी ओढून दाखवायची. टोक वर आलं की तो डोळे मिटायचा. मृगाच्या आधी पेटी भरली. शेवटच्या चिरेत काळी बसवली तेव्हा मी पेटी उघडी त्याच्यासमोर धरली आणि त्याने ती बराच वेळ पाहिली. त्याची नजर ओळीने फिरत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"पाठवायची?" मी विचारलं.

त्याने डोळे मिटले.

"ती तर नको म्हणाली."

पुन्हा मिटले. बोलता येत होतं तेव्हा एकदा तो म्हणाला होता, "पाठव. फेकायची असन तर तिनं फेकावी." तेच असावं.

बाहेरदेशी पार्सल घेणारं एक दुकान मला खामगावात कळलं. शेजारच्या बाईला भावाजवळ बसवलं. ती आता बोलायला लागली होती, वाटीही यायची. मी एसटीने खामगावला गेले. दुकानातल्या तरुणाने पेटी उघडून पाहिली. तो चांगला बोलला. एक माशी हातात घेऊन म्हणाला, छान केलं मॅडम, तुम्ही केलं का? मग विचारलं, ही पिसं खरी आहेत की प्लास्टिकची?

"खरी. कोंबड्याची. ससा आहे, हरणाचे केस आहेत. ते तिकडूनच आलेले."

"मग नाही जाणार. जनावराचं काही असलं की तिकडे अडवतात. कागद लागतात, ते इथे मिळत नाहीत. तिथे पोचलं तरी नष्ट करतात."

मी त्याला सांगितलं की भाऊ आजारी आहे. तो म्हणाला, मी घेतली असती मॅडम, पण माझ्या हातात नाही. आणखी एका ठिकाणी विचारलं. तिथेही तेच. दुपारच्या एसटीत खिडकीजवळ बसून मी पेटी मांडीवर घेतली होती. गाडीत बियाणं घेऊन निघालेले लोक होते, पाऊस कधी येतो याच्या गोष्टी करत होते. त्याला काय सांगावं ते मी वाटेत ठरवत होते, पण दारातून आत गेले तेव्हा त्याने आधी माझ्या हातातली पेटीच पाहिली.

"घेत नाईत," मी म्हटलं. "पिसं हायेत म्हणे."

त्याने डोळे मिटले. ते हो होतं की नुसतं मिटणं, मला कळलं नाही. बऱ्याच वेळाने उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. ते पुसायचं कामही माझंच होतं. मी पुसलं.

दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, बिनपिसाच्या बांधू. लोकर आहे, रबराचे पाय आहेत, फोम आहे, चमकीचा दोरा आहे. तशा जातील. त्याने दाराकडे पाहिलं. मी लोकर दाखवली. दाराकडे. मी तरी एक बांधली, जमेल तशी, आणि बादलीत ओढून दाखवली. त्याने बादलीकडे पाहिलंच नाही. त्या दिवसापासून दुपारी मी टेबलाशी बसायचं सोडलं. आम्ही खिडकीतून रस्ता पाहत बसायचो. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायची. त्याला ते आवडतं का, हे विचारायची मला भीती वाटायची.

पावसाळ्यात त्याच्या छातीत कफ धरला. खामगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मशीन लावावं लागेल, आणि लावलं की ते निघणार नाही. भावाने फोनवर मुलीला आणि मला, बोलता येत होतं तेव्हाच, नको म्हणून सांगून ठेवलं होतं. तरी मी त्याच्या कानाशी जाऊन विचारलं. त्याला मान वळवता येत नव्हती, तरी त्याने डोळे दाराकडे नेले. सकाळी, चहाच्या वेळेला, तो गेला. मी त्याचा हात धरला होता, पण त्याचा हात कधीचाच कोणाचा हात धरत नव्हता, त्यामुळे केव्हा सुटला ते मला नर्सने सांगितलं.

मुलगी फोनवर होती. नांदुऱ्याच्या स्मशानभूमीत शेजारच्या बाईच्या मुलाने फोन उंच धरला आणि तिने पावसात सगळं पाहिलं. त्रिसरण-पंचशील झालं. लाकडं ओली होती, फार वेळ लागला.

भावाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर तिने पुन्हा फोन केला. रडली. म्हणाली, आत्या, बाबा दिवसभर काय करायचे? मी पेटी आणली, उघडली आणि कॅमेऱ्यापुढे धरली. तिने पाहिलं.

"हे कोणते कोणते आहेत?" तिने इंग्रजीत विचारलं.

मी सांगायला लागले. तपकिरीसाठी माझ्याजवळ शब्द होता. झिंग्यासाठी नव्हता. पाणी उतरतं, मासा वर पाहतो, हे सांगता आलं नाही. काळीचं कारण तर मुळीच सांगता आलं नाही. मी म्हटलं, धिस फॉर विंटर, धिस फॉर समर. ती म्हणाली, ब्यूटिफुल. मग तिच्या कामाची वेळ झाली होती.

ती पुढच्या वर्षी येईन म्हणाली आहे. येईलही.

त्यानंतर मी एकदा बसून पाहिलं. शिकंजा आवळला, एक झिंगा बांधला. हात चालत होते. पूर्ण झाल्यावर मी तो उजेडात धरला आणि तो बरा होता की कापायचा होता, हे मला ठरवता येईना. मी तो तसाच आकड्यांच्या डबीत टाकला.

पेटी मी कपाटात ठेवली होती. त्या पावसाळ्यात दमट खूप होतं. दिवाळीच्या साफसफाईला काढली तर सगळ्याला कसर लागलेली. पिसांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या, ससा गळून पडत होता, बेडकांना भोकं पडली होती. मी डांबराच्या गोळ्या ठेवायला हव्या होत्या, पण ते सुचलं नव्हतं. शेजारची बाई म्हणाली, कसर दुसऱ्या कपड्यांत जाईल, जाळून टाका मॅडम. मी अंगणात वर्तमानपत्रावर सगळं ओतलं आणि काडी लावली. केसांचा वास बराच वेळ राहिला. आकडे जळत नाहीत, ते राखेत तसेच होते. कोणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून मी चुंबक फिरवून ते वेचले, दुधाच्या पावडरच्या डब्यात भरले आणि डबा माळ्यावर ठेवून दिला.